पंच, पाकळी आणि बंद पंखा

मराठी भाषेत ‘पंच’ हा शब्द मुळातच कामाचा फार मोठा बोजा वाहणारा आहे. बांधावरून पेटलेल्या तंट्याचा निवाडा करणारे पंच, चोरीच्या जागी सही करून पुढे कित्येक वर्षे तारखांना हजर राहणारे पंचनाम्याचे पंच, पायचीतच्या अपिलाकडे ढुंकूनही न पाहणारे मैदानावरचे पंच, आणि पंचामृत, पंचांग, पंचपाळे यांमधला साधा पाचाचा आकडा, इतक्यांची सोय लावताना भाषेची ओढाताण चाललेली असतानाच स्टेशनरीच्या दुकानातून आणखी एक पंच मराठी घरात आला आणि शिवणाच्या डब्याशेजारी किंवा फ्रीजवरच्या टोपलीत त्याने कायमचे बस्तान बसवले. हा पंच कागदाला भोक पाडतो. मात्र ते भोक गोल नसून फुलाचे, पानाचे, फुलपाखराचे किंवा सशाचे असते, आणि कचेरीतल्या पंचाकडून जसे भोक हवे असते तसे येथे नसते, येथे भोकातून निघालेला तुकडा हवा असतो. या उलट्या व्यवहारामुळेच त्याला शोभेचा पंच म्हणावे लागते.

रचनेच्या दृष्टीने हे यंत्र साधे आहे. हव्या त्या आकाराचा धातूचा ठोकळा वर असतो आणि त्याच आकाराची नेमकी पोकळी असलेली पट्टी खाली असते. टूलरूममधले कारागीर वरच्याला पंच आणि खालच्याला डाय म्हणतात. दोहोंमधल्या फटीत कागद सरकवून वरची प्लॅस्टिकची मूठ दाबली की ठोकळा पोकळीत उतरतो, कागदाचे तंतू कडेने कातरले जातात आणि तुकडा खाली गळतो. मूठ सोडल्यावर ठोकळ्याला पुन्हा वर ढकलण्याचे काम आतली स्प्रिंग करते. इंग्रजी भाषेने ऋतूला आणि या वेटोळ्याला एकच नाव देऊन ठेवलेले असल्यामुळे, स्प्रिंग अडकलेल्या पंचातून वसंत बाहेर पडत नाही हे विधान दोन्ही अर्थांनी खरे ठरते. ती अडकते ती बहुधा जाड कार्डशीट कोंबल्यामुळे, आणि मग घरातला कर्ता पुरुष इतका वेळ ज्या कामापासून कसोशीने दूर राहिलेला असतो त्या कामात स्क्रूड्रायव्हर घेऊन उतरतो. पंच उघडला जातो, स्प्रिंग सोफ्याखाली उडते, आणि वसंतागमनाचा पहिला विधी पार पडतो.

कागदाला भोक पाडण्याच्या विद्येचा पूर्वेतिहास मात्र शोभेचा नाही. जर्मनीतील बॉन येथे कार्यालयीन साहित्याचा कारखाना चालवणारे फ्रीडरिश झोनेकेन यांनी फायलीतल्या कागदांना भोके पाडणाऱ्या आपल्या यंत्राचे पेटंट मागितले ते १४ नोव्हेंबर १८८६ रोजी. पुढे भारतात हीच तारीख बालदिन म्हणून साजरी होऊ लागली आणि बालदिनाच्या आदल्या रात्री येथल्या असंख्य घरांत कागदाला भोके पाडली जाऊ लागली, हा योगायोग झोनेकेन यांच्या स्मृतीला शोभेसाच म्हटला पाहिजे. दोन भोकांमधले अंतर ८० मिलिमीटर आणि भोकाचा व्यास ६ मिलिमीटर असावा असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आज ठरलेले आहे. आपल्याकडच्या दप्तरांत त्या प्रमाणाचा यथोचित आदर राखून, कागदाच्या डाव्या कोपऱ्यात अंदाजाने एकच भोक पाडून त्यात टॅग ओवला जातो. अशा दप्तरी पंचाच्या लेखी भोक हे सर्वस्व आणि निघालेली टिकली हा कचरा असतो. टिकल्यांनी भरलेला त्याचा तळ महिनोन्‌महिने कोणी रिकामा करत नाही, आणि एके दिवशी तो साहेबांच्या टेबलावर आपण होऊन रिकामा होतो.

भोकाच्या आकारालाही अर्थ असू शकतो ही गोष्ट रेल्वेने ओळखली. अमेरिकेतील रेल्वे कंडक्टरांच्या पंचांचे आकार वेगवेगळे ठेवण्याची पद्धत होती, म्हणजे तिकिटावरचे भोक पाहून ते कोणी तपासले हे कळे. जपानमध्ये तिकिटाला पडणारी खाच स्थानकागणिक निराळी असे. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि त्यानंतरच्या काही पिढ्यांनी पंच म्हणून जे काही पाहिले ते कंडक्टरच्या हातात पाहिले, किंबहुना पाहण्याआधी ऐकले. कारण आसनाच्या दांडीवर पंचाची टिकटिक वाजवल्याखेरीज प्रवाशाला सुटे पैसे आठवत नसत. कंडक्टरच्या हातात तिकिटाचे यंत्र आल्यापासून ही टिकटिक गेली. अमेरिकी कंडक्टरांची तर आणखी एक युक्ती सांगितली जाते: एकाचे तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून ते तिकिटाच्या कडेला भोके पाडून प्रवाशाचे वर्णनच नोंदवत, म्हणजे केस फिके, डोळे काळे, नाक मोठे. हर्मन हॉलरिथ या अभियंत्याला त्यावरून माणसांची माहिती भोकांत साठवण्याची कल्पना सुचली, आणि १८९०ची अमेरिकी जनगणना त्याच्या भोकाच्या पत्त्यांवर मोजली गेली. संगणकाच्या घराण्याची एक शाखा अशा रीतीने एका अनोळखी प्रवाशाच्या मोठ्या नाकापर्यंत जाऊन पोहोचते.

तुकड्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती त्याच देशात, २००० साली. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातील अनेक ठिकाणी मतपत्रिकेला भोक पाडून मत देण्याची पद्धत होती, आणि काही मतपत्रिकांवरचा तुकडा, ज्याला तिकडे चॅड म्हणतात, पुरता न सुटता एखाद्या कोपऱ्याने लोंबकळत राहिला. लोंबकळणारा तुकडा हे मत धरावे का, नुसता फुगलेला तुकडा हे मत धरावे का, या प्रश्नांवर भिंगे लावून निरीक्षणे झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ५३७ मतांच्या फरकाने जगातील सर्वांत बलाढ्य पद एका बाजूला झुकले. पतंगी कागदावर फुलांचा पंच चालवून पाहिलेल्या कोणत्याही मराठी गृहिणीला या प्रकरणाचे नवल वाटण्याचे कारण नाही. कागद पातळ असला की तो कातरला न जाता ठोकळ्याच्या कडेने पोकळीत मुडपतो, चार पाकळ्या सुटतात आणि पाचवी मूळ कागदाला चिकटून राहते, आणि ती नखाने ओढली की फुलाचे मत बाद होते.

कागद किती जाड असावा याचे गणित ग्रॅममध्ये मांडतात. एक चौरस मीटर कागदाचे वजन जितके ग्रॅम भरेल तितक्या ग्रॅमचा तो कागद समजावा, या हिशेबाने वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ ग्रॅमचा, झेरॉक्सचा ७० ते ८० ग्रॅमचा आणि कार्डशीट दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते; शोभेच्या पंचाला मानवतो तो या दोन टोकांच्या मधला, शंभर ते दोनशे ग्रॅमचा. बोथट झालेल्या पंचाला धार यावी म्हणून त्यात ॲल्युमिनियमची फॉइल आणि तो अडखळत असेल तर मेणकागद काही वेळा कापावा, असा सल्ला जाणकार देतात. पोळ्या गुंडाळण्याच्या फॉइलचा रोल चैत्रात अचानक संपतो तो यामुळे. आणि डब्याच्या पोळीवर दुसऱ्या दिवशी एखादे चंदेरी फुलपाखरू बसलेले आढळले तर त्यात गूढ काही नसते.

येथपर्यंतचा विचार भोकाचा झाला. आकाराचा विचार याहून नाजूक आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर शोभेच्या पंचांचा ढीग उपसून पाहिला, तर त्यातून जो वसंत हाती लागतो त्यात ट्युलिप असते, डेझी असते, ससा असतो, अंडे असते, मेपलचे पान असते आणि पाच पाकळ्यांचे एक फूल असते, ज्याला दुकानदार नुसते ‘फ्लॉवर’ म्हणतो. हा वसंत युरोप-अमेरिकेतला आहे, हिमाखालून डोके वर काढणारा आणि ईस्टरचे ससे बरोबर घेऊन येणारा आहे; मराठी गोष्टींतला ससा कासवाशी शर्यत हरण्यात आणि सिंहाला विहिरीत पाडण्यात गुंतलेला असल्यामुळे त्याला ऋतूंकडे पाहायला कधी सवड मिळालेली नाही. ट्युलिप तरी अलीकडे ओळखीचे झाले आहे, कारण एप्रिलमध्ये श्रीनगरच्या ट्युलिप उद्यानात सहलीच्या टोप्या घातलेली मराठी मंडळी एकमेकांचे फोटो काढताना हमखास भेटतात. जपानी माणूस याच बाबतीत किती काटेकोर असतो हे पाहण्यासारखे आहे: तेथे पाकळीच्या टोकाला खाच असली की ते चेरीचे फूल, टोक गोलसर असले की उमेचे म्हणजे जपानी जर्दाळूच्या जातीचे, आणि टोक निमुळते असले की पीचचे, असा संकेत चित्रांत आणि नक्षीकामात पाळला जातो. ही तिन्ही फुले अब्दुल रहमान स्ट्रीटवर पोहोचेपर्यंत एकाच खोक्यात येतात आणि एकाच भावाने विकली जातात.

यावर एखादा अभिमानी वाचक विचारील की मग पळसाचा पंच का निघू नये. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर अस्मितेत नसून डायमध्ये आहे. पंचातून पडणारा तुकडा एकसंध असावा लागतो, त्याचा देठ फार बारीक असला तर तो फाटतो, आणि तो कसाही फिरवला तरी सारखाच दिसला तर चिकटवणाऱ्याचे निम्मे कष्ट वाचतात. या तिन्ही कसोट्यांवर पाच पाकळ्यांचे समान फूल पहिले येते आणि पळसाचे फूल नापास होते. पळसाची एक पाकळी मोठी, दोन बाजूंच्या पंखांसारख्या आणि उरलेल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या असतात. संस्कृतात त्याला किंशुक, म्हणजे ‘हा पोपट की काय’, असे जे नाव आहे ते या चोचीवरूनच, आणि प्रत्यक्ष झाडाखाली उभे राहून संस्कृत पंडितांना जी शंका आली ती सपाट कागदावर फिटण्याची आशा नाही. पांगाऱ्याची गत तीच. बहाव्याचे एकटे फूल तसे पाच पाकळ्यांचेच असते, पण बहाव्याची ऐट घोसाची असते, आणि घोस पंचात मावत नाही. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण, त्याच्या पाकळ्या बहुधा सहा आणि त्यांच्या कडा क्रेप कागद मुठीत चुरगळून सोडावा तशा चुणीदार; डाय बनवणाऱ्या कारागिराला हे चित्र दाखवले तर तो नमस्कार करून बिडी ओढायला जाईल. आंब्याच्या मोहराचा तर प्रश्नच येत नाही, कारण एका तुऱ्यात शेकड्यांपासून हजारांपर्यंत फुले असतात आणि त्यांतल्या अगदी मोजक्यांना फळ धरते, हा अपव्यय निसर्गाला परवडतो, चार्टपेपरवर परवडत नाही. राज्याचे फुलपाखरू म्हणून महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन जाहीर केले. त्याच्या मागच्या पंखांना शेपट्या नसतात, आणि पंचातल्या फुलपाखराला त्या असल्याच पाहिजेत असा कारखानदारांचा आग्रह दिसतो.

एका बाबतीत मात्र परदेशी पंच आपल्या कामी येतो. आयर्लंडमध्ये १७ मार्चला सेंट पॅट्रिकचा सण असतो आणि त्याचे चिन्ह म्हणून शॅमरॉक, म्हणजे तीन दलांचे एक रानटी पान, सर्वत्र मिरवले जाते. त्या पानाचा पंच वसंताच्या संचात असतोच असतो. तो हिरव्या घोटीव कागदावर दाबला की पळसाचे पान म्हणून सहज खपते. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, या म्हणीच्या कर्त्याने आयर्लंडपर्यंतचा विचार केला असेल असे नाही, पण म्हण तेथेही लागू पडली हे मान्य केले पाहिजे.

शोभेच्या पंचाला घरात स्थान मिळवून देण्याचे श्रेय शाळेकडे जाते. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात शिक्षणाचा विचार करताना कार्यानुभवाची शिफारस केली. विद्यार्थ्याला हाताने काम करण्याचा अनुभव मिळावा आणि श्रमाविषयी आदर वाटावा हा त्यामागचा हेतू होता. हेतू सफल झाला आहे, फक्त अनुभव आईला मिळतो आणि आदर विद्यार्थ्याला वाटतो. ‘वसंत ऋतू’ या विषयावरचा चार्ट बहुधा वसंत पंचमीच्या सुमाराला मागवला जातो, आणि येथे पंचांगाने एक गंमत करून ठेवलेली आहे: वसंत पंचमी माघात येते, माघ-फाल्गुन हे महिने शिशिराचे, आणि वसंत सुरू होतो तो चैत्रात. म्हणजे वसंताचा चार्ट शिशिरात भिंतीवर लागतो, आणि खरा वसंत येतो तेव्हा परीक्षा चालू असल्यामुळे खिडकीबाहेर पाहण्यास मनाई असते. ज्या शाळा मार्च-एप्रिलमध्ये गुढीपाडव्याच्या निमित्ताने हा विषय देतात त्यांचे पंचांग अचूक असते, पण मग हवामानाचा प्रश्न उभा राहतो, आणि शोभेच्या पंचाचे मराठी शास्त्र खऱ्या अर्थाने येथे सुरू होते.

कारण असे की वसंताची जी वर्णने कवींनी केलेली आहेत त्यांत मंद वारा असतो, आणि मंद वारा हा पंचकामाचा पहिला शत्रू आहे. ‘उद्या चार्ट द्यायचाय’ ही बातमी रात्री साडेनऊला, जेवणे उरकल्यानंतर फुटते. सव्वादहापर्यंत पंच सापडतो, साडेदहापर्यंत दीडशे फुले पडतात, आणि ती ताटलीत गोळा केली जात असतानाच कोणीतरी सवयीने पंख्याचे बटण दाबते. एक सेंटिमीटर रुंदीच्या कागदी फुलाचे वजन इतके नगण्य असते की छताच्या पंख्याचा पहिला फेरा पूर्ण होण्याच्या आत ते दिवाणाखाली, देव्हाऱ्यात आणि आजोबांच्या पाण्याच्या भांड्यात पोहोचलेले असते. त्यानंतर पंखा बंद होतो तो काम संपेपर्यंत. चैत्रातली रात्र, नागपूरच्या बाजूला तर दिवसा पाऱ्याने चाळिशी गाठलेली, खिडक्याही वाऱ्याच्या भीतीने लावलेल्या, आणि तशा त्या बंद खोलीत तीन माणसे घाम टिपत फुलांच्या पाठीला फेव्हिकॉलचे ठिपके लावत बसलेली, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने वसंताचे स्वागत कशाशी खातात हे पाहिलेले नाही. घामाचा थेंब लाल क्रेप कागदावर पडला की कागद रंग सोडतो आणि चार्टवर पळस फुलतो. पंचाला जे साधले नाही ते अशा रीतीने आपोआप साधते.

चिकटवण्याच्या या टप्प्यावर पंचाचे खरे स्वरूप उघडे पडते. कात्रीने एक फूल कापायला दोन मिनिटे लागतात, म्हणून माणूस दहा फुले कापून थांबतो आणि उरलेल्या जागेत ‘वसंत ऋतूचे महत्त्व’ असा मजकूर लिहून वेळ मारून नेतो. पंचाने एक फूल अर्ध्या सेकंदात पडत असल्यामुळे थांबण्याचे कारणच उरत नाही, हाताला खटखट आवाजाचा नाद लागतो, आणि पाहता पाहता चारशे फुले तयार होतात; ती सगळी एकेक करून चिकटवावी मात्र हातानेच लागतात. कापण्याचे कष्ट वाचवण्यासाठी आणलेल्या या यंत्राने कष्ट वाचवलेले नाहीत, ते कापणाऱ्याकडून चिकटवणाऱ्याकडे आणि तेथून झाडणाऱ्याकडे ढकलले आहेत, आणि बहुतेक घरांत ही तिन्ही माणसे एकच असतात. डिंकाच्या कटकटीवर उपाय शोधणारे पूर्वीही झाले. अमेरिकेचे थोर विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी पानांवर आधीच गोंद लावलेल्या, नुसते ओले केले की चिकटणाऱ्या चिकटवहीचे पेटंट १८७३ मध्ये मिळवले होते आणि त्या वहीवर पैसाही केला होता. विनोदी लेखकाने व्यवहारात काही उपयोगाचे केल्याची उदाहरणे विरळ असल्यामुळे येथे त्याची नोंद करणे भाग आहे.

कच्च्या मालाचा प्रश्न मराठी घराने आपल्या पद्धतीने सोडवला आहे. चांगला जाड, एका बाजूने रंगीत आणि फुकट मिळणारा कागद म्हणजे लग्नपत्रिका, आणि लग्नसराई नेमकी वसंत-ग्रीष्मातच जोरात असल्यामुळे पुरवठा ऋतूशी जुळून येतो. वरच्या गणपतीला धक्का लावायचा नाही, तो कापून वेगळा ठेवायचा आणि काय करावे हे न सुचल्यामुळे पिशवीभर साठवायचा, हा नियम सर्वत्र पाळला जातो. बाकीची पत्रिका पंचाखाली जाते. पंच आकार पाहतो, मजकूर पाहत नाही. त्यामुळे निघालेल्या फुलाच्या एका पाकळीवर ‘चि. सौ. कां.’ आणि तिच्या समोरच्या पाकळीवर भलत्याच घराण्याचे ‘ज्येष्ठ सुपुत्र’ येतात, आणि दोन कुळांचा जो संबंध मध्यस्थांनी कधी सुचवला नसता तो परागीभवनाच्या नियमाने जुळून जातो. फुलपाखराच्या पंखावर ‘कृपया आहेर आणू नये’ उमटते. सशाच्या पोटावर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असे आमंत्रण असते, आणि चार्ट तपासणाऱ्या बाई लाल पेनाने त्याखाली ‘छान’ लिहितात.

कागदाच्या काटकसरीबाबत मात्र घरात दोन पक्ष पडतात. लहान मुले कागदाच्या मधोमध पहिले फूल पाडतात, पोळी मधूनच कुरतडून खावी तसे. आणि आजी कागदाच्या काठाकाठाने, पंच उलटा धरून, डायच्या पोकळीतून आधीचे भोक कोठे आहे ते निरखत, दोन भोकांमध्ये दोऱ्याएवढीच पट्टी राहील अशा बेताने पुढे सरकते. आजीची ही विद्या स्वयंपाकघरातून आलेली आहे. करंजीचे कातणे, मोदकाचा साचा, चकलीचा सोऱ्या ही सगळी पंचाचीच भावंडे, आणि हाताने कळ्या पाडलेल्या मोदकापुढे साच्याच्या मोदकाला जे दुय्यम स्थान मिळते तेच कात्रीच्या फुलापुढे पंचाच्या फुलाला द्यावे असे तिचे मत असते. ते ती उघड सांगत नाही, नुसते ‘एकसारखी आहेत हो अगदी’ असे म्हणते. तिची खरी अडचण निराळी आहे. शंकरपाळ्या कापून उरलेला कणकेचा चुरा पुन्हा मळता येतो आणि त्याचीही शंकरपाळी होते, पण फुले पाडून उरलेली कागदाची जाळी पुन्हा मळता येत नाही, आणि टाकवतही नाही.

ही जाळी म्हणजे पंचाचे दुसरे अपत्य. चार्ट शाळेत जातो, दोन आठवडे भिंतीवर राहतो आणि पुढे कपाटामागे जातो. जाळी मात्र घरात राहते, ‘उपयोगी पडेल’ या एकाच सबबीवर गादीखाली सपाट होत राहते, आणि खरोखरच कधी कधी उपयोगी पडते. तिच्यावरून रांगोळी भुरभुरली की उंबऱ्यात पाच पाकळ्यांची नक्षी उमटते. तिच्यावर जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासला की तुषारचित्र तयार होते, आणि ते चार्टपेक्षा पुष्कळ चांगले दिसते, कारण त्यातले फूल कागदाचे नसून फूल निघून गेलेल्या जागेचे असते. कचेरीतल्या पंचाने भोकाला जे महत्त्व दिले होते तेच अशा आडवाटेने घरात येऊन पोहोचते, आणि झोनेकेन यांचा आत्मा शांत होत असावा.

राहता राहिले जमिनीवर सांडलेले तुकडे. सर्वांत लहान आकाराचा पंच, ज्याचे फूल जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असते, तो संचाबरोबर फुकट आल्यासारखा येतो आणि त्याची फुले चिमटीतही धरवत नाहीत. म्हणून चार्टवर ती फारशी लागत नाहीत, ती जमिनीवरच राहतात आणि सकाळी केरसुणीने गोळा होतात. त्याच सकाळी दारात गुढी उभी राहते, तिला कडुलिंबाची डहाळी बांधली जाते, आणि कोवळी पाने, फुले, गूळ, ओवा, मिरे यांची चटणी तोंड वाकडे करत खाल्ली जाते. अंगणात कडुलिंबाचे झाड असेल तर त्याच्याखाली फुलांचा पांढरा सडा पडलेला असतो, आणि तोही केरसुणीनेच गोळा करावा लागतो. ट्युलिपचा पंच घेऊन पळस शोधत फिरणाऱ्यांच्या सोयीसाठी एवढे नोंदवून ठेवणे पुरे आहे की कडुलिंबाचे फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे आणि साधारण एक सेंटिमीटर रुंद असते, आणि त्या मापाचा पंच दुकानात बहुधा सर्वांत स्वस्त मिळतो.